सिंहमुखी साप, उलटी तुंबडी आणि सुलटी अक्षरे : रोमन जादुई खडे वाचायचे कसे?

कुतूहल_३

रोमन साम्राज्यातल्या, मुख्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या कोरीव खड्यांच्या संग्रहालयीन याद्या चाळतोय. काही खड्यांपुढे ‘मुद्रा’ असे लिहिलेले असते, काहींपुढे ‘जादुई ताईत’. फोटोत दोन्ही सारखेच वाटतात : नखाएवढा लंबगोल खडा, त्यावर कोरलेले चित्र, शेजारी ग्रीक अक्षरे. उदाहरणादाखल तीन खडे देतो.

(अ) हिरवा जास्पर. सिंहाचे डोके असलेला साप, डोक्याभोवती किरण. मागच्या बाजूला तीन नागमोडी रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी रेघ.

(आ) काळपट हेमॅटाइट. कडेने स्वतःचे शेपूट तोंडात धरलेला साप, आत उलट्या भांड्यासारखे काहीतरी, त्याखाली किल्ली.

(इ) कोंबड्याचे डोके, रोमन शिपायाचे चिलखत, पायांच्या जागी दोन साप. एका हातात चाबूक, दुसऱ्या हातात ढाल.

ताईत की मुद्रा हे कशावरून ठरवतात? खडा कोणता घ्यायचा याला काही नियम होता का? आणि ही अक्षरे कोणत्याच भाषेत लागत नाहीत, ती कारागिराची चूक समजायची का?

गारगोटी

सगळ्यात आधी अक्षरांची दिशा बघा. मुद्रा मेणावर किंवा मातीवर उमटवायची असते, म्हणून तिच्यावरची अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कोरतात. ताईत कुठेच उमटवायचा नसतो, त्यामुळे त्याची अक्षरे खड्यावरच सुलटी वाचता येतात. जुन्या छापील सूचींमध्ये बऱ्याचदा खड्याचा नव्हे तर प्लास्टरच्या ठशाचा फोटो असतो, तेव्हा निष्कर्ष काढण्यापूर्वी फोटो कशाचा आहे ते तपासा. या एका गोष्टीपायी सगळा अर्थ उलटा लागतो.

दुसरी खूण म्हणजे मागची बाजू. मुद्रेची मागची बाजू अंगठीच्या कोंदणात जाते, ती कोरण्यात अर्थ नसतो. ताईत बहुधा दोन्ही बाजूंनी कोरलेला असतो, आणि पुष्कळदा तिरप्या कडेवरही अक्षरांची ओळ फिरवलेली असते. अंगठीत बसवला की ही अक्षरे झाकली जायची. त्याचे त्यांना वावडे नव्हते, कारण मजकूर माणसाने वाचायचाच नव्हता.

नुसते चित्र असेल आणि अक्षरे नसतील तर मात्र खात्रीने सांगता येत नाही. कमळावर बसलेला बाल हार्पोक्रेटीस (इजिप्तचा बालदेव) साध्या मुद्रेवरही येतो. उलट, जुन्या मुद्रेच्या पाठीवर नंतर कुणीतरी मंत्राक्षरे कोरून तिचा ताईत केल्याचेही दिसते. तेव्हा पुढची बाजू आणि मागची बाजू एकाच हातची आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

आता तुमचे खडे.

(अ) हा ख्नूबिस. मूळचा इजिप्तचा द्रेष्काण-देव. राशिचक्राचे दहा-दहा अंशांचे ३६ भाग केले की त्यातला कर्क-सिंहाच्या सीमेजवळचा भाग याचा. द्रेष्काण शरीराच्या अवयवांना वाटून दिलेले होते आणि याच्या वाट्याला पोट आले. किरण सात किंवा बारा असतात. सात असले तर कधी प्रत्येक किरणाच्या टोकाशी ग्रीकमधल्या सात स्वरांपैकी एकेक स्वर असतो. मागची छेदलेली तिहेरी नागमोड ही त्याचीच खूण, ती एकटी सापडली तरी ख्नूबिस ओळखावा. हिरवा जास्पर, हिरवट किंवा पांढुरकी कॅल्सेडोनी असे खडे त्याला चालत.

(आ) ते भांडे म्हणजे गर्भाशय. त्या काळचे वैद्य गर्भाशयाचा आकार रक्त ओढायच्या तुंबडीसारखा सांगत, ग्रीक वैद्य सोरानसनेही हीच उपमा दिली आहे. म्हणून चित्रात तोंड खाली केलेली तुंबडी येते आणि वरून फुटणाऱ्या वाकड्या रेघा म्हणजे तिला धरून ठेवणारे बंध. किल्ली म्हणजे कुलूप : बाळंतपणात उघडायचे, एरवी गर्भ टिकावा किंवा रक्तस्राव थांबावा म्हणून बंद ठेवायचे. किल्लीचे दाते किती आणि दांडा कोणत्या बाजूला, हे नोंदवून ठेवा. एकाच साच्याचे खडे जुळवताना ते उपयोगी पडते. सोबत ‘ओरोरिऊथ’ हे गर्भाशयाच्या खड्यांवरचे मंत्रनाव असण्याची शक्यता बरीच.

हे खडे बहुतांशी हेमॅटाइटचेच का, याचे उत्तर खड्यातच आहे. हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड. वरून काळा-करडा, चकचकीत. पण घासला की पूड रक्तासारखी लाल. रक्ताशी संबंधित तक्रारीला रक्त ‘असलेला’ दगड, असा तो सरळ हिशेब. रक्तस्रावावरच्या हेमॅटाइटवर ग्रीक पुराणातल्या कायम तहानलेल्या टँटलसला उद्देशून ‘रक्त पी’ अशा अर्थाचे वाक्य येते, आणि ते ओळीगणिक एकेक अक्षर गाळत त्रिकोणात लिहितात. शब्द आटत जाईल तसा स्राव आटेल!

याच दगडावर वाकून विळ्याने पीक कापणारा शेतकरीही येतो आणि मागे ‘स्खिओन’ असे कोरलेले असते, म्हणजे कंबर-खुब्यासाठी. आपण ज्याला सायटिका म्हणतो तेच दुखणे. दिवसभर कमरेत वाकूनही ज्याची कंबर धड राहते त्याचे चित्र. मला या सगळ्या प्रकारात हा सर्वात पटण्याजोगा ताईत वाटतो.

(इ) बद्दल अक्षरवाल्यांनी लिहावे.

अक्षरगणित

(इ) च्या ढालीवर बहुतेक तीन अक्षरे असतील : इओटा, अल्फा, ओमेगा. वाचायचे ‘इआओ’. ज्यूंच्या देवाच्या नावाचे हे ग्रीक रूप. ग्रीकमध्ये अक्षरेच आकडे म्हणूनही वापरत, म्हणून मागे ‘अब्रासाक्स’ असेल तर अक्षरांच्या किमती मांडून बघा : अल्फा १, बीटा २, ऱ्हो १००, अल्फा १, सिग्मा २००, अल्फा १, क्सी ६०. बेरीज ३६५. वर्षाचे दिवस. ‘मेइथ्रास’ आणि ‘नेइलोस’ ही नावेसुद्धा ग्रीक अक्षरांत ३६५ च भरतात, त्यामुळे ती एकमेकांच्या जागी आली तरी दचकू नका. हल्लीच्या पुस्तकांत दिसणारे ‘अब्राक्सास’ हे नंतरचे लॅटिन वळण आहे, खड्यांवर सहसा अब्रासाक्स.

अक्षरे ‘लागत नाहीत’ म्हणून चूक समजू नका, त्यातली बरीचशी ठरलेली सूत्रे आहेत. ‘अब्लानाथानाल्बा’ ग्रीकमध्ये तेरा अक्षरांचे आहे आणि मधल्या थीटाच्या दोन्ही अंगांनी सारखेच वाचले जाते. देवनागरीत जोडाक्षरांमुळे ते दिसत नाही, तेव्हा नोंद करताना प्रत्येक ग्रीक अक्षर सुटे मांडा. ‘बाइन्खोओओख’ ची बेरीज ३६६३. ‘खाब्राख फ्नेस्खेर फिख्रो फ्नुरो फोखो बोख’ या सहा शब्दांची बेरीज बरोबर ९९९९ येते. ती आली नाही तर एकतर तुमच्या वाचनात चूक आहे किंवा कारागिराच्या. म्हणजे बेरीज ही वाचन तपासायची सोयही आहे.

कारागिराच्या चुका असतातच. त्रिकोणी दिसणारी तीन अक्षरे, अल्फा, डेल्टा आणि लॅम्डा, यांत सर्वाधिक घोळ, कारण अल्फाची आडवी रेघ राहिली की लॅम्डा झाला आणि ती तळाशी सरकली की डेल्टा. जागा कमी पडली की शेवटची अक्षरे गळतात किंवा चित्राच्या पायांत घुसतात. सूत्राचा मूळ पाठ माहीत असल्याशिवाय ‘नवे नाव सापडले’ असे म्हणू नये.

शंकासुर

म्हणजे हे ग्नॉस्टिक (गूढ ज्ञानाने मुक्ती मानणाऱ्या) पंथाचे खडे ना? जुन्या लेखांत ‘ग्नॉस्टिक रत्ने’ असेच म्हणतात.

अक्षरगणित

ते लेबल चिकटले त्याचे कारण ख्रिस्ती धर्मलेखक इरेनियस. बासिलिदीस या ग्नॉस्टिक गुरूच्या अनुयायांच्या मते ३६५ स्वर्गांचा अधिपती अब्रासाक्स आहे, असे त्याने लिहिले. खड्यांवर तेच नाव दिसल्यावर सतराव्या शतकातल्या संग्राहकांनी दोन अधिक दोन केले. प्रत्यक्षात यांवर इजिप्तचे देव, ज्यू नावे, ग्रीक वीर असे सगळे एकाच पंगतीला बसलेले आहेत. पोटदुखीवरचा ताईत घेणाऱ्याला कोणत्याही पंथाचा सभासद असण्याची गरज नव्हती.

काढा-चाटण

गारगोटी, तुमच्या (अ) वर एक मुद्दा राहिला. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलेन याने साध्या औषधींवरच्या ग्रंथात हिरव्या जास्परबद्दल लिहिले आहे. इजिप्तच्या नेखेप्सो राजाच्या नावावरच्या ग्रंथात खड्यावर किरणांचा साप कोरायला सांगितलाय, हे तो नोंदवतो आणि पुढे म्हणतो की मी स्वतः पुरेशी परीक्षा घेतली : लहान खड्यांची माळ करून ती जठराच्या तोंडाला टेकेल एवढी लांब गळ्यात घातली, कोरीवकाम नसतानाही गुण तेवढाच आला. म्हणजे कोरणे ही वरची सजावट, औषध खडाच. रोमन लेखक प्लिनीही जास्परबद्दल सांगतो की सगळा पूर्वेकडचा प्रदेश तो ताईत म्हणून वापरतो, तिथेही चित्राची अट नाही.

गारगोटी

वैद्याच्या बाजूने बरोबर आहे, पण त्यावरून कोरीवकामाला सजावट म्हणणे मला मान्य नाही. कोरलेला खडा हाच रिवाज होता म्हणून तर गेलेनला न कोरलेला वेगळा तपासावासा वाटला. सहाव्या शतकातल्या ट्रॅलिसच्या अलेक्झांडरने पोटशुळावर ‘मीड देशाच्या खड्यावर’ उभ्याने सिंहाचा गळा आवळणारा हेराक्लीस कोरून तो सोन्याच्या अंगठीत घालायला सांगितले, आणि तो वैद्यच होता. त्याच चित्राचे लाल जास्पर भरपूर सापडतात, मागे तीन कप्पा (ग्रीक ‘क’) कोरलेले.

माळ जठराला टेकली पाहिजे, हा गेलेनचा तपशील मात्र सोन्यासारखा आहे. ताईत कुठे घालायचा हा विधीचा भाग होता, आणि नुसता खडा बघून ते कळत नाही.

गुण येतो की नाही यावर सोरानसचे म्हणणे जास्त शहाणपणाचे वाटते. लोहचुंबकासारख्या ताइतांकडे आम्ही लक्ष देत नाही, पण बंदीही घालू नये, कारण थेट परिणाम झाला नाही तरी आशेने रोगिणीचे मन प्रसन्न होईल, असे तो सांगतो.

सामता

बनवण्याबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून.

जास्पर हा क्वार्ट्‌झच्या जातीचा, कठिनता ६.५ ते ७. लोखंडाच्या टोकाने तो कापला जात नाही. कापते ती पूड. नॅक्सॉस बेटावरची एमरी, म्हणजे कुरुंदमिश्रित दगड, कुटून तेलात कालवायची. कुरुंदाची कठिनता ९. मऊ लोखंडाचे टोक कमानीने गरगर फिरवायचे. पुडीचे कण धातूत रुततात आणि दगड खरवडतात. टोक दगडापेक्षा कठीण असण्याची गरज नसते, उलट थोडे मऊ असलेले बरे, नाहीतर कण रुतत नाहीत आणि नुसते घरंगळतात.

क्रम साधारण असा : आधी खडा घासून लंबगोल करायचा, कड तिरपी करायची, पृष्ठभाग चकचकीत करायचा, मग लाखेसारख्या पदार्थाने दांड्याच्या टोकाला चिकटवायचा. शरीराचे फुगीर भाग गोल टोकाने, रेघा बारीक चकतीने. चकतीने रेघ सरळ येते, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती. वळणदार अक्षर हवे तर तीन-चार छोट्या सरळ रेघा जोडायच्या. म्हणूनच या खड्यांवरचा अर्धचंद्री सिग्मा (ग्रीक ‘स’) जवळून बघितला तर कोनाकोनांचा दिसतो.

हेमॅटाइट जास्परपेक्षा थोडा मऊ (५.५ ते ६.५), बारीक अक्षरे त्यात नेटकी येतात, पण तो ठिसूळ. कडेवरची ओळ कोरताना टवके उडतात. कडेवर अक्षराच्या जागी खळगा दिसला तर अक्षर पुसले गेले असे लगेच समजू नका, ते कोरतानाच उडालेले असू शकते. टवका उडाल्यावर कारागिराने पुढचे अक्षर सरकवून कोरले असेल तर प्रश्नच मिटला.

कोरून झाले की ताईत तयार, असे नाही. लायडनच्या संग्रहालयातल्या ग्रीक जादूच्या पपायरसात (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितात) एका अंगठीची पूर्ण कृती आहे. आकाशी रंगाचा जास्पर घ्यायचा. शेपूट तोंडात धरलेला साप, त्याच्या आत चंद्रकोर, चंद्रकोरीच्या दोन टोकांवर दोन तारे, वर सूर्य. सूर्याजवळ अब्रासाक्स, मागे पुन्हा तेच नाव, कडेने ‘इआओ सबाओथ’. मग फळझाडांच्या लाकडांची वेदी करून एक निर्दोष हंस, तीन कोंबडे आणि तीन कबुतरे जाळायची. अशी प्राणप्रतिष्ठा झाल्यावरच सोन्याच्या अंगठीत. नुसता कोरलेला खडा म्हणजे निम्मेच काम.

पॅरिसमधल्या मोठ्या जादू-पपायरसात ‘दार्दानोसची तलवार’ नावाची वशीकरणाची कृती आहे, चुंबकदगडावर सायकीवर (आत्म्याच्या देवतेवर) स्वार झालेली प्रेमदेवता अफ्रोडायटी कोरायची. त्या वर्णनाशी जुळणारा खडा खरोखर सापडला आहे. पुस्तकातली कृती आणि हातात आलेली वस्तू यांची इतकी नेमकी गाठ क्वचितच पडते.

कुतूहल_३

सगळ्यांचे आभार. एकच उरले : फोटोवरून नव्हे तर खडा समोर असताना हेमॅटाइट खरा की नाही, आणि काम जुने की नक्कल, हे कसे बघायचे? कस काढून (घासून पुडीचा रंग बघून) लाल आला की झाले का?

तिरपा उजेड

कस काढू नका! कोरीव खडा खरबरीत फरशीवर घासणे म्हणजे पुरावा पुसणे. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या मानाने किती पट जड) काढा, त्याने काही बिघडत नाही. खडा सुटा, विनाभेगेचा, चरांत जुने मेण किंवा सोने अडकलेले नाही, एवढे आधी बघून घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल. समजा हवेत वजन ३.१२ ग्रॅम आणि बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून २.५२ ग्रॅम. फरक ०.६०. ३.१२ भागिले ०.६० म्हणजे ५.२, हेमॅटाइटला जुळते. तेवढ्याच वजनाचा जास्पर पाण्यात सुमारे १.९२ भरेल आणि उत्तर २.६ येईल. कोरीव चरांत हवेचे बुडबुडे अडकले तर उत्तर कमी येते, म्हणून पाण्यात सोडल्यावर मऊ कुंचला फिरवा. काचही २.५ च्या आसपास असते, त्यामुळे जास्पर की काच हे वजनाने ठरत नाही. त्यासाठी भिंगाखाली आतले गोल बुडबुडे शोधा.

चुंबक लावून बघाल तर सांभाळून अर्थ काढा. शुद्ध हेमॅटाइट जवळजवळ ओढलाच जात नाही, मॅग्नेटाइट जोरात ओढला जातो. पण प्राचीन कारागीर मॅग्नेटाइटही वापरत होते, तेव्हा चिकटला म्हणून बनावट असे नाही. स्वतःच टाचणी उचलणारा काळाभोर, एकसंध चकचकीत खडा मात्र आधुनिक कृत्रिम फेराइट असण्याचा संशय घ्या.

नक्कल ओळखण्यात हत्याराच्या खुणांवर भिस्त ठेवू नका. अठराव्या शतकातले कोरणारेही फिरती चकती आणि तेलातली पूडच वापरत. अक्षरांवर जास्त विश्वास. अस्सल खड्यांवर सिग्मा सहसा चंद्रकोरीसारखा, एप्सिलॉन गोल पाठीचा, ओमेगा दोन वाट्या शेजारी ठेवल्यासारखा. छापील पुस्तकातल्यासारखा चार रेघांचा सिग्मा आणि घोड्याच्या नालासारखा ओमेगा एकत्र दिसले की कान टवकारा. पुस्तकातल्या ठशाच्या चित्रावरून नक्कल करणारा कधी अक्षरे उलटी कोरून बसतो, कधी छापील आकृतीतली चूक जशीच्या तशी उतरवतो. बुडापेस्टच्या ललितकला संग्रहालयाचा कॅम्पबेल बॉनर डेटाबेस दगड, चित्र आणि मजकूर अशा तिन्ही अंगांनी शोधता येतो. तिथे समांतर उदाहरणे काढून बघा. हुबेहूब जुळणारे एकच सापडले आणि तेही जुन्या छापील पुस्तकात आलेले असेल, तर संशय वाढवा, कमी करू नका.

बहुतेक खड्यांचे सापडल्याचे ठिकाणच माहीत नसते, ते पिढ्यान्‌पिढ्या संग्राहकांकडून फिरत आलेले आहेत. तेव्हा विक्रीला आलेला खडा असेल तर पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या युनेस्को करारापूर्वीची कागदोपत्री नोंद आहे का, हे आधी विचारा, शैली नंतर.

फोटोसाठी : हेमॅटाइट आरशासारखा चमकतो, सरळ उजेडात अक्षरे गायब होतात. दिवा पृष्ठभागापासून १५-२० अंशांवर ठेवा, वर पातळ कागदाचा पडदा, आणि तोच फोटो डावी, उजवी, वर, खाली अशा चार दिशांनी घ्या. एकाच दिशेने घेतला तर उजेडाला समांतर गेलेली रेघ दिसत नाही आणि अल्फाचा लॅम्डा होतो (वर अक्षरगणित यांनी सांगितलेला घोळ निम्मा इथूनच येतो). ठसा हवाच असेल तर दातांच्या डॉक्टरकडचे सिलिकोन, तेही संवर्धकाच्या हातून. खेळायची रंगीत माती नको, तिचे तेल भेगांत मुरते.

शंकासुर

इतका खटाटोप करून हे लोक उघड मिरवायचे का लपवायचे?

अक्षरगणित

काळावर अवलंबून. रोमन इतिहासकार आम्मिआनुस मार्केलिनुस सांगतो की सम्राट कॉन्स्टँटियस दुसरा याच्या काळात, ३५९ साली पॅलेस्टाइनमधल्या स्किथोपोलिसला खटले चालले, तेव्हा चौथारी तापावरचा किंवा दुसऱ्या कसल्याही दुखण्यावरचा ताईत गळ्यात सापडला एवढ्यावरून लोकांना मृत्युदंड झाला.

तिरपा उजेड

कुतूहल, नोंद करताना आणखी एक. मागची बाजू बघायला खडा पानासारखा डावीकडून उजवीकडे उलटला की वरून खाली, हे लिहून ठेवा. काही खड्यांवर मागचा मजकूर पुढच्या चित्राच्या मानाने डोके खाली करून येतो. कडेवरची ओळ कुठून सुरू होते याचाही नियम नाही, म्हणून खडा ४५ अंशांनी फिरवत कडेचे आठ फोटो घ्या आणि पहिल्या फोटोत चित्राचे डोके कोणत्या दिशेला आहे त्याची खूण करा.